शेअर 51 ला, शेअरमागे मूर्त मालमत्ता 94 ची: स्वस्त आहे की माझं काही चुकतंय?

पांझराकाठ | रवि, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. दोन-अडीच वर्षं नुसता वाचक होतो, आज पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मी धुळ्याचा, हार्डवेअरचं दुकान. शेअरचा नाद सहा-सात वर्षांचा. आजवर जे घेतलं ते कुणीतरी सांगितलं म्हणून घेतलं आणि विकलं तेही कुणीतरी सांगितलं म्हणूनच. यंदा ठरवलं, स्वतः ताळेबंद उघडायचा.

आपल्या खान्देशातलीच एक छोटी सूचीबद्ध कंपनी आहे. कापसाशी संबंधित धंदा. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण इथे नाव घेतलं की उद्या सकाळी तिला अप्पर सर्किट (एका दिवसात भाव चढायची कमाल मर्यादा) लागतं. वार्षिक अहवाल घेऊन असा हिशेब मांडला:

एकूण मालमत्ता 212 कोटी. त्यातून गुडविल, सॉफ्टवेअर असली हाताला न लागणारी 14 कोटींची मालमत्ता काढली. मग सगळी देणी 104 कोटी काढली. राहिले 94 कोटी. शेअर बरोब्बर 1 कोटी. म्हणजे शेअरमागे 94 रुपयांची निव्वळ मूर्त मालमत्ता (इंग्रजीत नेट टँजिबल अ‍ॅसेट्स, एनटीए), आणि बाजारात भाव 51.

माझ्या दुकानात कुणी 94 चा नळ 51 ला द्यायला आला तर मी आधी विचारीन, बाबा रे, चोरीचा तर नाही ना? इथे विचारायला कुणी नाही म्हणून तुम्हाला विचारतोय. या आकड्यावर शेअर घेणारी माणसं खरंच असतात का? आणि यात गोम काय असते?

---

भरीतभाकरी | रवि, 9:52

धाग्याच्या यादीत 'एनटीए'वर चर्चा चालू असल्याचं कुणीतरी म्हणालं. मला वाटलं नीटचा पेपर परत फुटला.

---

सीए_मावशी | रवि, 10:31

पांझराकाठ, आधी शाबासकी. गणित बरोबर आहे. निम्मे लोक अमूर्त मालमत्ता वजाच करत नाहीत, नुसती पुस्तकी किंमत घेऊन बसतात.

आता जळगावातली एक म्हातारी सीए म्हणून चार गोष्टी सांगते.

ताळेबंदातलं गुडविल म्हणजे कंपनीची कीर्ती नव्हे. एका कंपनीनं दुसरी विकत घेताना तिच्या मालमत्तेपेक्षा जे जास्त मोजले, तो फरक. स्वतः कमावलेलं नाव इंड-एएस 38 या हिशेबाच्या नियमाप्रमाणे पुस्तकात घेताच येत नाही. हिंदुस्तान युनिलिव्हरचं बघा. लक्स, सर्फ इतकी वर्षं घराघरांत आहेत, पण त्या नावांची किंमत ताळेबंदात जवळपास दिसतच नव्हती. 2020 मध्ये हॉर्लिक्सवाली कंपनी विलीन झाली आणि एका वर्षात गुडविल व ब्रँड मिळून 40 हजार कोटींहून जास्त रक्कम पुस्तकात चढली. हॉर्लिक्स मालमत्ता आणि सर्फ कुणीच नाही, असा अर्थ होतो का? एक विकत घेतलं, एक घरात वाढलं, एवढाच फरक.

ही झाली तुम्ही वजा केलेल्या 14 कोटींची गोष्ट. मला काळजी त्यांची नाही. उरलेल्या 198 कोटींची आहे. त्यांची फोड द्या. आणि टीपा वाचा. 2021 पासून कंपनी कायद्याच्या अनुसूची तीनमध्ये बदल झालाय. येणी किती जुनी, अर्धवट बांधकाम किती वर्षं अर्धवट, जमिनीचे कागद कंपनीच्या नावावर आहेत की नाहीत, हे सगळं आता तक्त्यात द्यावं लागतं. पूर्वी हे शोधायला आमच्यासारख्यांना फोन करावा लागायचा.

एकत्रित ताळेबंद घेतला असेल तर उपकंपन्यांतल्या बाहेरच्या भागधारकांचा वाटाही वजा करा. प्रेफरन्स शेअर (ज्यांना आपल्याआधी पैसे मिळतात) असतील तर तेही. तो पैसा तुमचा नाही.

---

पांझराकाठ | रवि, 10:58

मावशी, लगेच बसलो. फोड अशी:

जमीन, इमारत, यंत्रं 56. अर्धवट काम 11. डिफर्ड टॅक्स (पुढच्या करातून वाचायची रक्कम) 7. अमूर्त 14. मालाचा साठा 62. येणी 48. रोख 6. इतर 8. झाले 212.

प्रेफरन्स नाहीत, उपकंपनी नाही. टीपांची पानं मोजली, साठच्या वर आहेत. उद्या दुकान बंद केल्यावर वाचतो.

---

सुवर्णनगरी | रवि, 11:20

मी सराफ बाजारातला. तिसरी पिढी. तुमच्या ताळेबंदातलं मला कळत नाही, पण जे सांगताय ते रोज काउंटरवर घडतं.

बाई हार घेते. बिलात सोन्याचं वजन, घडणावळ, वर 3 टक्के जीएसटी. पाच वर्षांनी तोच हार मोडीला आणते. घडणावळ गेली. जीएसटी गेला. हे गिऱ्हाइकाला माहीत असतं, त्यावर ती भांडत नाही. भांडण होतं ते पुढच्या गोष्टीवर. हारात खडे असतात, लाख भरलेली असते, डाग दिलेले असतात. वितळवलं की वजन भरतं कमी. बाई म्हणते, 'अहो, घरी मी काट्यावर मोजून आणलंय!' मोजलं होतं, खोटं नाही. पण काट्याला सोनं आणि लाख सारखीच.

तुमचे 14 कोटी म्हणजे घडणावळ. ती तुम्ही काढलीत. लाख अजून आतच आहे.

---

सीए_मावशी | रवि, 11:26

सुवर्णनगरी, हे मी उद्या आर्टिकलच्या (माझ्याकडे सीए शिकणाऱ्या) पोरांना सांगणार. तुमचं नाव न घेता.

---

अमळनेरचा_नातू | सोम, सकाळी 7:15

आता माझी एंट्री अपेक्षितच होती.

1945 साली आमच्या गावात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स सुरू झाली. वनस्पती तूप करायची. तीच पुढे विप्रो. 1966 मध्ये वडील वारल्यावर अझीम प्रेमजी शिक्षण अर्धवट टाकून परत आले आणि कारभार हातात घेतला. गावातल्या कितीतरी घरांत तेव्हापासूनचे शेअर होते, काहींनी पिढ्यानपिढ्या सांभाळले.

ऐंशीच्या दशकात कुणी पांझराकाठसारखा हिशेब मांडला असता तर काय दिसलं असतं? तेलाच्या टाक्या, बॉयलर, साबणाचं यंत्र. त्यातून उद्याची सॉफ्टवेअर कंपनी दिसली असती का? संगणकापुढे बसणारी माणसं ताळेबंदात मालमत्ता म्हणून येतच नाहीत, उलट पगार म्हणून खर्चात जातात. मूर्त मालमत्ता बघणाऱ्यानं टाक्या मोजल्या असत्या, भाव जास्त म्हणून शेअर विकला असता आणि आनंदानं घरी गेला असता.

आमच्या आजोबांनी आत्याच्या लग्नात विकले. हॉल, जेवण, आहेर सगळं झालं त्यात. आत्या अजूनही म्हणते, 'माझं लग्न या घराण्यात सगळ्यात महाग पडलं.'

---

भरीतभाकरी | सोम, 7:40

अमळनेरच्या प्रत्येक माणसाकडे विप्रोची एक गोष्ट असते. शेअर असतो की नाही ते विचारायचं नाही.

---

जिनवाला | सोम, दुपारी 1:05

नातू, तुमची गोष्ट गोड आहे, पण तेल गिरणीतून सॉफ्टवेअर निघालेली कंपनी एक. तेल गिरणीतून फक्त भंगार निघालेल्या मी पाच दाखवतो, आणि त्याही एकाच तालुक्यात.

पांझराकाठ, मी जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढायचा धंदा) आहे म्हणून तुमच्या 62 कोटींच्या साठ्यावर बोलतो. कापसाचा साठा म्हणजे काय ते आम्हाला विचारा. 2022 च्या उन्हाळ्यात कापूस क्विंटलला 12 हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात सगळा खान्देश म्हणाला, आता दहाच्या खाली देणार नाही. घरात, ओसरीत, पोरांच्या खोलीत कापूस. अंगाला खाज सुटली तरी विकेनात. भाव काही आला नाही. 2023-24 ला लांब धाग्याचा हमीभाव होता 7,020 रुपये, आणि लोक त्याच्याच आसपास घुटमळत बसले.

कंपनीचंही तेच होतं. नियम असा की 31 मार्चला साठा खरेदी किंमत किंवा विकून हाती येणारी किंमत, यातली जी कमी ती लावायची. नियम चांगला आहे. पण 31 मार्चचा ताळेबंद तुमच्या हातात येतो ऑगस्ट-सप्टेंबरात. तोवर गठाणी विकल्या गेल्या असतात किंवा भाव पडलेला असतो. त्यात पिवळा पडलेला माल, ओलीची गठाण, शिल्लक सरकी हे सगळं 'साठा' याच शब्दात बसतं. बँकेचा माणूस गोदामात येतो, पुढची थप्पी मोजतो, चहा पितो आणि जातो. मागच्या थप्पीत काय आहे ते हमालाला विचारा.

मी असतो तर 62 चे सरळ वीस टक्के कापले असते. त्याहून जास्त कापलं तरी कुणी वेडा म्हणणार नाही.

---

केळीचा_घड | सोम, 1:30

मूर्त मूर्त काय करताय. रावेरला या. वैशाखात बाग उभी असते, घड लागलेले, व्यापारी बोली करून गेलेला. संध्याकाळी अर्धा तास वादळ येतं आणि सगळी मूर्त मालमत्ता आडवी.

---

मुक्ताई_ते_पुणे | सोम, रात्री 9:10

मी मूळचा मुक्ताईनगरचा, पुण्यात हेच काम करतो (दुसऱ्यांच्या पैशांवर). पांझराकाठचा मूळ प्रश्न होता, अशी माणसं असतात का. असतात. बेंजामिन ग्रॅहम या अमेरिकी गुंतवणूकदाराचं अर्धं आयुष्य यात गेलं. पण त्याची चाळणी तुमच्यापेक्षा बारीक होती. जमीन, इमारत, यंत्रं तो धरायचाच नाही. फक्त चालू मालमत्ता (वर्षभरात पैसा होईल अशी) घ्यायची, त्यातून सगळी देणी वजा करायची आणि जे उरेल त्याच्या दोनतृतीयांश भावात मिळालं तरच घ्यायचं. तुमची कंपनी त्या चाळणीतून काढू: साठा 62, येणी 48, रोख 6, इतर 8, एकूण 124. वजा 104. उरले 20. शेअरमागे 20 रुपये, त्याचे दोनतृतीयांश साधारण 13. तुम्ही 51 देताय.

शेअर बाजारावर देखरेख करणारी सेबीही हा निव्वळ मूर्त मालमत्तेचा आकडा मानते, पण दारावरचा पहारेकरी म्हणून. मुख्य बाजारात आयपीओ (पहिल्यांदा लोकांना शेअर विकणं) आणायचा तर नेहमीच्या मार्गात मागच्या तिन्ही वर्षांत किमान 3 कोटींची निव्वळ मूर्त मालमत्ता लागते, आणि त्यातली निम्म्याहून जास्त रोख स्वरूपात असलेली चालत नाही. सेबीला एवढंच बघायचं असतं की मागे काहीतरी खरं उभं आहे. त्यावरून भाव ठरवा असं ती म्हणत नाही.

आणि आता मला या आकड्याचा सगळ्यात आवडता उपयोग. तो छेदात टाका. कंपनी नफा किती कमावते?

---

पांझराकाठ | सोम, 9:34

मागच्या वर्षी करानंतर 3 कोटी. त्याआधी 4, त्याआधी अडीच.

---

मुक्ताई_ते_पुणे | सोम, 10:15

म्हणजे 94 कोटींच्या खऱ्याखुऱ्या मालमत्तेवर 3 कोटी. सव्वातीन टक्केही नाही. आपल्या स्टेशनरोडच्या बँकेत एफडी केली असती तर दुप्पट मिळाले असते, जिनिंगच्या कटकटीशिवाय. आणि 51 कोटींना अख्खी कंपनी धरली तर नफ्याच्या 17 पट. तुम्हाला ती मालमत्तेच्या दारातून स्वस्त दिसते. नफ्याच्या दारातून बघा, महाग आहे. बाजार वेडा नाही, तो दुसऱ्या दारात उभा आहे.

उलट उदाहरण. वॉरन बफे या अमेरिकी गुंतवणूकदारानं 1972 मध्ये सीज कँडीज ही चॉकलेटची कंपनी 2.5 कोटी डॉलरला घेतली. निव्वळ मूर्त मालमत्ता होती सुमारे 80 लाख डॉलर. तिप्पट मोजले! पण तेवढ्या 80 लाखांवर कंपनी करानंतर 20 लाख कमवत होती. पंचवीस टक्के. याच माणसानं आधी बर्कशायर हॅथवे ही कापडगिरणी मालमत्तेच्या मानानं स्वस्त म्हणून घेतली होती. ती 1985 मध्ये बंद करावी लागली. मागांची किंमत पुस्तकात होती, गिऱ्हाईक नव्हतं.

यात महागाईचीही गंमत आहे. उद्या सगळ्याचे भाव दुप्पट झाले तर जिनवाल्यांना तेवढाच कापूस भरायला दुप्पट पैसा लागेल. कर्ज काढतील. आमच्या फाट्यावरचा भरीतवाला काय करेल? पाटीवर 80 खोडून 160 लिहील. त्याची मूर्त मालमत्ता एक कढई, एक चूल आणि बामणोदच्या वांग्यांची पाटी.

---

जिनवाला | सोम, 10:22

भरीतवाल्याला पाटी बदलायला खडू लागतो. तो मूर्त आहे.

बाकी खरंय. कर्जच काढावं लागतं.

---

शेवभाजी_स्पेशल | सोम, 10:40

कुठल्या फाट्यावरचा भरीतवाला? लोकेशन टाका.

---

भरीतभाकरी | सोम, 10:41

+1. आणि कळण्याची भाकरी मिळते का ते सांगा. पोळीबरोबर भरीत देणाऱ्यांबद्दल ऐकायची इच्छा नाही.

---

*(मधले सात प्रतिसाद भरिताच्या धाग्यावर हलवले आहेत. – संपादक मंडळ)*

---

तापीतीर | मंगळ, सकाळी 11:02

सगळे त्या बिचाऱ्याला घाबरवताय. मी दुसऱ्या बाजूनं बोलतो, कारण मी याच पद्धतीनं पैसे कमावलेत.

मार्च 2020. बाजार रोज कोसळत होता. तेव्हा एक कागद कंपनी घेतली, निव्वळ मूर्त मालमत्तेच्या जवळपास निम्म्या भावात. तीन वर्षांत साडेतीन पट झाले. नशीब? थोडं होतंच. पण तीन गोष्टी पाहिल्या होत्या. कर्ज शून्य. मालमत्तेतला मोठा भाग रोख आणि म्युच्युअल फंड, म्हणजे मोडीला नेला तरी घट नाही. आणि मालक दर वर्षी न चुकता लाभांश द्यायचे, वाईट वर्षातही. 94 पैकी 40 जरी बँकेत पडलेले असते तर मी पांझराकाठला म्हटलं असतं, घे भाऊ. इथे रोख 6 आणि देणी 104.

आकडा वाईट नाही. तो कशाचा बनलाय ते बघा.

---

मधली_गल्ली | मंगळ, दुपारी 3:45

मी या विषयातला नाही. फक्त एक सांगतो.

आमच्या तालुक्यात एक पतसंस्था होती. वडिलांचे निवृत्तीचे पैसे तिथे ठेवले होते. अडचण सुरू झाली तेव्हा दर सभेत एकच वाक्य ऐकू यायचं: 'संस्थेकडे मालमत्ता भरपूर आहे, कुणाचा रुपया बुडणार नाही.' ते खोटं नव्हतं. प्लॉट होते, इमारत होती, तारण घेतलेली शेती होती. वडील सुरुवातीला दर महिन्याला चकरा मारायचे, मग दर सणाला. अवसायक (संस्था मोडीत काढायला नेमलेले अधिकारी) आले, बदलले, परत आले. प्लॉटचा लिलाव पुकारला की गावातलं कुणी बोली लावायचं नाही, कारण विकत घेऊन त्या माणसाशी वैर कोण घेणार?

काही रक्कम मिळाली. वडील गेल्यावर.

---

सुवर्णनगरी | मंगळ, 4:10

मधली गल्ली, काय बोलावं कळत नाही. आमच्याकडेही पावत्या आहेत. अजून कपाटात आहेत.

---

मुक्ताई_ते_पुणे | मंगळ, रात्री 8:30

मधली गल्ली यांनी जे सांगितलं ते ठेवीदाराचं. भागधारक तर त्याच्याही मागे असतो. 2016 च्या दिवाळखोरी संहितेत रांग ठरलेली आहे: प्रक्रियेचा खर्च, तारणवाले सावकार आणि कामगारांची 24 महिन्यांची देणी, मग इतर कर्मचारी, विनातारण सावकार, सरकार, बाकीचे, प्रेफरन्सवाले. भागधारक सगळ्यात शेवटी. डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीच्या भागधारकांना 2021 मध्ये शून्य मिळालं, शेअरच बाजारातून काढून टाकले.

किंगफिशर एअरलाइन्सचंही आठवा. सगळे त्या नावाला हसतात. बँकांनी हजारो कोटींचा ब्रँड तारण म्हणून धरला होता. 2016 मध्ये 366.70 कोटी राखीव किमतीला लिलाव ठेवला तेव्हा एकही बोली आली नाही. अमूर्त होतं, उडून गेलं, बरोबर. पण मुंबई विमानतळाजवळचं किंगफिशर हाउस, कंपनीचं मुख्यालय? ते तर दगडविटांचं होतं. त्याच वर्षी राखीव किंमत 150 कोटी, बोली शून्य. लिलावामागून लिलाव झाले आणि 2021 मध्ये इमारत गेली 52.25 कोटींना. मुंबईत! मग आपल्याकडच्या एमआयडीसीतल्या शेडचं काय घेऊन बसलात.

---

सीए_मावशी | मंगळ, 9:05

एमआयडीसीवरून आठवलं. पांझराकाठ, त्या 56 कोटींत जमीन असेल तर ती स्वतःची आहे की एमआयडीसीची, ते बघा. एमआयडीसीचा प्लॉट 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं मिळतो. हस्तांतर करायचं तर महामंडळाची परवानगी आणि वर पैसे. लोक म्हणतात, 'जमीन आहे ना मागे!' जमीन आहे, सातबारा नाही.

उलटंही होतं बरं. जुन्या कंपन्यांची स्वतःची जमीन पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या खरेदी किमतीलाच पुस्तकात पडून असते. बॉम्बे डाइंगनं 2023 मध्ये वरळीची सुमारे 22 एकर जागा 5,200 कोटींना विकायचा सौदा केला. असा आकडा नुसता ताळेबंद चाळून कुणाला सापडला नसता. म्हणून मी मूर्त मालमत्तेच्या विरुद्ध नाही. पुस्तकातल्या आकड्याच्या विरुद्ध आहे.

---

अमळनेरचा_नातू | मंगळ, 9:20

एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स कुणी काढली नाही अजून? 2024 पर्यंत शेअर बाजारात 3.53 रुपये. आत एशियन पेंट्सचे शेअर, पुस्तकी किंमत शेअरमागे पाच लाखांच्या वर. लाभांशच 25 रुपये, म्हणजे भावाच्या सात पट! पांझराकाठ, तुमचा 94 विरुद्ध 51 याच्यापुढे काय आहे?

---

मुक्ताई_ते_पुणे | मंगळ, 9:31

आणि 3.53 ला विकणारा होता का एक तरी? ऑक्टोबर 2024 मध्ये बीएसईनं खास लिलाव घेतला तेव्हा एका दिवसात भाव 2,36,250 झाला. तोवर तो भाव पडद्यावर होता, दुकानात नव्हता. आणि लिलावानंतरही पुस्तकी किमतीच्या निम्माच. आतले एशियन पेंट्सचे शेअर मालक विकणार नाहीत हे बाजाराला ठाऊक आहे. ज्या तिजोरीची किल्ली आपल्याकडे नाही, तिच्यातल्या सोन्याला बाजार पूर्ण भाव देत नाही.

---

शिरपूरना_भाऊ | मंगळ, 10:50

भो, समदं वाचं. मना आबा एकच सांगे: सातबारा नको देखू, वावर देख.

कंपनी खान्देशमा शे ना? मंग गाडी काढ नि देखी ये. पुन्यावालासले ते जमाव नही, तुले जमी.

---

पांझराकाठ | मंगळ, 11:04

भाऊ, हे डोक्यातच आलं नव्हतं. दुकानापासून तासाभराच्या आत आहे.

---

संपादक मंडळ | बुध, सकाळी 9:00

कंपनीचं नाव ओळखण्याचे तीन प्रतिसाद काढून टाकले आहेत. धागाकर्त्यांनी नाव दिलेलं नाही, इतरांनीही देऊ नये. अंदाज तिन्ही वेगवेगळे होते हा भाग वेगळा.

---

पांझराकाठ | शुक्र, रात्री 9:48

मंडळी, टीपा वाचून झाल्या आणि वावरही बघून आलो. सविस्तर लिहितो.

टीपा आधी. येणी 48 कोटी. तक्त्यात तीन वर्षांहून जुनी 17. त्यासाठी तरतूद किरकोळ. मला उधारीचं कुणी शिकवायला नको. दुकानात ज्यानं तीन वर्षं पैसे दिले नाहीत तो माझ्या गल्लीतून जायचंही सोडून देतो. 17 गेले. अर्धवट काम 11, तेही तीन वर्षांच्या वरच्या रकान्यात. डिफर्ड टॅक्सचे 7 नफा झाला तरच कामाचे, मोडीला काही नाही. 94 मधून 35 गेले, 59 उरले. जिनवाल्यांच्या सांगण्यावरून साठ्याचे वीस टक्के काढले, साधारण 12. राहिले 47.

भाव 51. म्हणजे नळ चोरीचा नव्हता, 47 चा होता.

काल दुपारी दुकान भावावर सोडून गेलो. गेटच्या आत नाही सोडलं, पण कुंपण जाळीचं आहे, सगळं दिसतं. वजनकाट्याच्या फळीवर कुत्रं झोपलं होतं. मी तासभर समोरच्या टपरीवर बसलो, तेवढ्या वेळात ते उठलं नाही. म्हणजे एकही गाडी काट्यावर आली नाही. हंगाम संपत आलाय हे मान्य, पण टपरीवाला म्हणाला, 'पूर्वी तीन पाळ्या चालत, आता एक.'

मग अर्धवट काम बघितलं. मागच्या बाजूला नवीन शेडचे खांब उभे आहेत. मोजले, चोवीस. वर कैच्या नाहीत, पत्रा नाही. खांबांच्या डोक्यावर गज मोकळे, सगळे तांबडे लाल, दोन-तीन पावसाळे खाल्लेले. लोखंड माझा धंदा आहे. बार किती एमएमचा, खांबात किती किलो, हे लांबून सांगतो. फाउंडेशन, मजुरी, मुरूम धरून कितीही ताणलं तरी दीड-दोन कोटींच्या वर माझं मन जाईना. पुस्तकात 11. यंत्रांचे अ‍ॅडव्हान्स दिले असतील, आत पेट्या असतील, मला दिसल्या नाहीत. आरोप करत नाही. मला जे दिसलं ते सांगितलं.

घेतला नाही. पुढच्या अहवालाची वाट बघतो. तोवर ही सवय लागली हे काय कमी.

मावशी, तुम्ही जमिनीचं म्हणाला होतात. भाडेपट्टाच आहे.

---

सीए_मावशी | शुक्र, 10:10

छान केलंत. इतकं काम माझ्या पोरांनी केलं असतं तर मी त्यांना पुरणाचे मांडे खाऊ घातले असते.

एक राहिलं. संभाव्य देणी. ती ताळेबंदाच्या आकड्यांत नसतात, टीपेत असतात. कर विवाद, कोर्टकचेऱ्या आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या कुणासाठी दिलेली हमी.

---

पांझराकाठ | शुक्र, 10:37

मावशी...

मालकांच्या दुसऱ्या एका कंपनीच्या कर्जाला 22 कोटींची हमी. पान 118. मी 90 वर थांबलो होतो, पुढे सगळं सीएसआरचं (कंपनीच्या समाजकार्याचं) असेल असं वाटलं.

---

जिनवाला | शुक्र, 10:45

47 मधून 22 लटकलेले. घ्या.

---

तापीतीर | शुक्र, 10:52

हमी दिली म्हणजे लगेच भरावीच लागेल असं नाही. पण ती दुसरी कंपनी कशी चाललीय ते आता बघावंच लागेल. खासगी असेल तर कागदपत्रं कंपनी मंत्रालयाच्या साइटवर शंभर रुपयांत मिळतात.

---

शिरपूरना_भाऊ | शुक्र, 11:15

पांझराकाठ भो, त्या चोवीस खांबासना बार भंगारमा काढतीन तं मले फोन कर. गोठा बांधना शे.